लेखक घरात आहे

पुस्तक गाजलं आणि घर मुकं झालं. दोन्ही गोष्टी बरोबरच घडल्या, पण आपल्या लेखकमहाशयांना त्यातली पहिलीच ऐकू आली.

पुस्तक होतं थोरल्या बहिणीवर. नाव बदललं, गाव बदललं की झालं, असा लेखक लोकांचा एक सोयीचा समज असतो. ताईचा नवरा एक दिवस भाजी आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही, आणि पुढे कित्येक वर्षं ताई संध्याकाळी चहाचे दोन कप भरत राहिली. दुसरा कप गार झाला की तोही तीच प्यायची. हे तिने फक्त भावाला सांगितलं होतं, तेही रडत रडत, कुठे बोलू नकोस म्हणून. भाऊ शब्दाचा पक्का. तो कुठेही बोलला नाही. त्याने लिहिलं.

शेवटच्या पानावरचा तो गार चहा वाचून अनोळखी माणसं ढसाढसा रडली. मोठा पुरस्कार मिळाला. त्याने छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सोडली. ताई मात्र त्यानंतर त्याच्या घराची पायरी चढली नाही. "तिला जरा वेळ लागेल," असं तो बायकोला म्हणायचा.

आता प्रकाशकाचे फोन सुरू झाले होते. माणूस गोडबोल्या, पण प्रश्न एकच. "मग, पुढे काय?"

"शिजतंय," लेखक सांगायचा. चुलीवर भांडंही चढलेलं नव्हतं.

नाही म्हणायला त्याने दीपगृहाच्या रखवालदारावर कादंबरी सुरू केली होती. दीपगृह त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. रखवालदार बिचारा जिना चढायचा, दिवा लावायचा आणि उतरायचा. तिसऱ्या प्रकरणातही तो जिन्यातच होता. मग एक म्हातारा राजा घेतला. तो सिंहासनावर बसला तो हलेचना. शेवटी लेखकाने स्वतःशी कबूल केलं की आपल्याला कल्पनेतून काही सुचत नाही. आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगावं लागतं.

आणि सांगायचं सगळ्यांनी बंद केलं होतं. गल्लीतला केस कापणारा पूर्वी अर्ध्या वस्तीच्या भानगडी कात्रीच्या तालावर ऐकवायचा. आता तो फक्त "मान खाली करा साहेब" एवढंच म्हणायचा. जुना मित्र घरच्या कटकटी सांगता सांगता मध्येच थांबला आणि क्रिकेटवर गेला. घरी लेखक पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला की मायलेकींचं बोलणं नळ बंद करावा तसं थांबायचं. एकदा त्याने मुलीला कुजबुजताना ऐकलं, "आई, हळू. लेखक घरात आहे." त्याला भरून आलं. आपली तंद्री मोडू नये म्हणून पोर किती जपते, असं त्याला वाटलं.

अशात एक दिवस ताई आली. त्याच्याकडे न बघता, "कसा आहेस" एवढं विचारून सरळ आत गेली आणि दार लोटून घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा आली. मग बायको अधूनमधून चांगले कपडे घालून बाहेर पडायला लागली. कुठे विचारलं तर, "मैत्रिणीकडे." पलंगाखाली एक पिशवी दिसली. त्याने वाकून पाहिलं. आत टॉवेल, गाऊन, दात घासायचा ब्रश. पुढच्याच आठवड्यात ती एक रात्र मैत्रिणीकडे राहिली आणि परत आली ती डावा हात अंगाशी धरून, भिंतीच्या कडेकडेने चालत.

एखाद्या साध्या माणसाने विचारलं असतं, "अगं, हाताला काय झालं?" याने नाही विचारलं. बायको आपल्याला सोडून जायची तयारी करतेय, हे त्याने ताडलं होतं. ताई तिला शिकवतेय. भावावर सूड उगवतेय. तो मेजावर बसला आणि लिहीत सुटला. पिशवी आली. लोटलेलं दार आलं. अंगाशी धरलेला हातही आला. 'अपराधी माणसं अशीच चालतात,' असं त्याने लिहिलं आणि या वाक्यावर तो स्वतःच खूश झाला. बायकोला अडवावं, निदान विचारावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रकाशकाला त्याने आपणहून फोन केला. "मिळालं," तो म्हणाला.

त्या दुपारी तिघी बरोबरच घरी आल्या. मुलगी रडत होती आणि रडता रडता हसत होती. लेखक खोलीबाहेर आला.

"काय झालं?"

बायकोने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "सांग आता. आता काय होणार आहे?"

"अहो, काखेत गाठ आली होती माझ्या. काढून तपासायला पाठवली होती. आज कळलं, साधीच आहे. घाबरायचं काही नाही म्हणाले डॉक्टर."

लेखकाच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की मग शेवट काय करायचा? आनंद झाला, अगदी खरा झाला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण आनंदाचा नंबर दुसरा लागला. ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आनंदाच्या आधी आलेलं तिने नेमकं पाहिलं.

"तुझा चेहरा पडला रे," ती म्हणाली.

"नाही गं ताई, एकदम ऐकून धक्का बसला म्हणून..."

"पडला."

तो बायकोकडे वळला. "मला का नाही सांगितलंस? मी नवरा आहे तुझा."

"मला घरात आजारी पडायचं होतं हो," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुस्तकात नाही."

तिघी स्वयंपाकघरात गेल्या. लेखक मेजाशी येऊन बसला. समोर लिहिलेल्या कागदांची चळत होती आणि आता त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. खरी गोष्ट कोणती ते त्याला कळलं होतं. बायको वाचली हे ऐकून ज्याचा चेहरा पडला, त्या माणसाची. ती कुणी सांगायची गरज नव्हती, कुणाला लपवताही आली नसती. त्याने पेन उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांची सालं काढताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता.

आतून हसण्याचा आवाज आला. बायको इतकी मोकळी हसते हे तो विसरूनच गेला होता. तो उठला. त्याला माफी मागायची होती. दारापर्यंत जाताना माफीचं पहिलं वाक्य मनात छान जुळूनही आलं. छान जुळलं, म्हणूनच त्याला ते बोलवेना.

त्याने दार ढकललं. हसणं थांबलं. तिघींनी वर पाहिलं.

"काही हवंय का?" बायकोने विचारलं, पाहुण्याला विचारावं तसं.

"पाणी," तो म्हणाला.

मुलीने पेला भरून दिला. तो पिऊन जाईपर्यंत तिघी गप्प बसून राहिल्या.