शेवटच्या गाण्यात मधे आलेला माइक

मी माइक बोलतोय. कुणी बंद करायला विसरलं म्हणून नव्हे, ठरवून बोलतोय. जन्मभर लोक माझ्यासमोर बोलले, रडले, खोकले, थापा मारल्या. मी निमूट ऐकून घेतलं. आता माझी पाळी.

आधी ओळख सांगतो, कारण आमच्यात फार घोटाळे होतात. सभेत पुढाऱ्याच्या तोंडाशी असतो तो मी नाही. तो माझा लांबचा भाऊ, आणि त्याची संगत वाईट आहे. मी सिनेमाच्या सेटवरचा बूम माइक. लांब काठीच्या टोकाला बांधलेला, नटांच्या डोक्यावर अधांतरी लोंबकळणारा. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून मला करड्या केसांचं टोपडं घालतात. त्यात मी थेट बोक्यासारखा दिसतो. सेटवर नवं आलेलं माणूस हमखास मला कुरवाळतं. त्याला ते लाड वाटतात. मला मात्र डोक्यावरून ट्रक गेल्यासारखं ऐकू येतं.

माझ्या आयुष्याला नियम एकच: ऐकायचं सगळं, दिसायचं कधीच नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीत माझं नाक जरी आलं, तरी सगळं युनिट अंगावर धावून येतं. पंखा दिसला तर चालतो, पाल दिसली तरी चालते. माइक दिसला की अनर्थ! ज्याच्यामुळे तुम्हाला नायिकेचा हुंदका ऐकू येतो, त्यानेच तोंड लपवायचं. हा कुठला न्याय, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

मला कारखान्यातून थेट विकत घेतलं ते एका साउंड रेकॉर्डिस्ट बाईने. आवाजाच्या कामात बायका औषधालाही सापडत नसत, त्या काळात ती या धंद्यात भांडून शिरली, आणि पुढेही भांडतच राहिली. काठी धरायला तिने आपल्या सख्ख्या भाच्याला आणलं. तो तिला मावशी म्हणायचा, म्हणून सगळं युनिटच तिला मावशी म्हणू लागलं. भाचा ताडमाड उंच आणि तोंडाने मुका म्हणावा इतका अबोल. त्याचं नाव पडलं खांब.

मावशीचा एकच शत्रू होता, आणि तो एक वाक्य होता: "डबिंगमध्ये बघून घेऊ." शॉटच्या मधोमध कुणी खुर्ची सरकवली? डबिंगमध्ये बघून घेऊ. नट अर्धं वाक्य खाऊन गेला? डबिंगमध्ये बघून घेऊ. रंग उडाला तर थांबतात, केसाची बट हलली तर थांबतात, आवाज बिघडला तर मात्र सगळ्यांनाच पुढे जायची घाई असते!

"अहो, जे इथे घडलं ते तिथे बंद खोलीत पुन्हा कसं घडेल?" मावशी विचारायची. दिग्दर्शक हसायचे आणि पुढचा शॉट लावायचे.

तर असे आम्ही तिघं त्या सिनेमावर जाऊन पोचलो. हलकाफुलका, प्रेमाचा, हसवणारा सिनेमा. गोष्ट अशी की रेडिओ दुरुस्त करणारी एक मुलगी आणि समारंभात गाणी म्हणणारा, पण ऐन वेळी शब्द विसरणारा एक मुलगा. दोघं भांडतात, गाणं म्हणतात, पुन्हा भांडतात, पुन्हा गाणं म्हणतात, आणि शेवटी भांडायचं विसरून जातात. एवढंच. पण गाणी होती जुनी, गाजलेली. आपल्या आत्यांनी आरशासमोर वेणी घालताना गुणगुणलेली, काकांनी दाढी करताना बिघडवलेली. पहिला सूर वाजला की प्रकाशयोजनेची माणसं शिडीवरूनच पाय हलवायला लागायची.

मला त्या गाण्यांचा राग यायचा. कारण गाण्याच्या दिवशी माझं कामच नसे. मोठ्या स्पीकरवर जुनी रेकॉर्ड लावायची, नटांनी नुसते ओठ हलवायचे. मी पेटीत, अंधारात, माझ्याच टोपड्याला तोंड पुसत.

पण मला त्या सिनेमात दुसरं काम लागलं होतं. खांबचं प्रेम ऐकण्याचं.

कपडेपटावर एक मुलगी होती. तिच्या ओठांत सदानकदा टाचण्या धरलेल्या. नायिकेचा झगा कमरेत ढिला, घे टाचणी. नायकाची कॉलर वाकडी, घे टाचणी. तिचं नावच टाचणी पडलं. तोंड कायम भरलेलं, त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे "हं" आणि "अंहं". इकडे आमच्या खांबला काम करताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. आता मला सांगा, या दोघांचं जमायचं कसं?

जमत होतं ते फक्त एका वेळी. प्रत्येक जागेचं काम संपलं की मावशी ओरडायची, "रूम टोन!" म्हणजे त्या खोलीची शांतता. तुम्हाला वाटेल, शांतता ती शांतता. साफ चूक. प्रत्येक खोली वेगळी गप्प बसते. सिनेमात दोन वाक्यांच्या मधे भरायला त्या खोलीचीच शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. म्हणून सगळ्यांनी असेल तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि मी ते काहीच नसणं टिपायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. एकदा निर्मात्यांना शिंक आली, तर मावशीने त्यांनाच बाहेर काढलं होतं.

त्या शांततेत बाकीचे छताकडे नाहीतर बुटांकडे बघत. खांब टाचणीकडे बघे. टाचणी खांबकडे बघे. आणि काठीतून त्याच्या छातीची धडधड थेट माझ्यापर्यंत येई. मावशीच्या हेडफोनमध्येही येत असणार, कारण ती एकदा जेवताना म्हणाली, "एवढी लांब काठी दिवसभर पुढे धरतोस, दोन शब्द पुढे करवत नाहीत तुला?"

"बोलेन," खांब म्हणाला.

"कधी? डबिंगमध्ये?"

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. शेवटचं दृश्य, शेवटचं गाणं, आणि टाचणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दुसऱ्या सिनेमाला जाणार होती. लढाईचा सिनेमा, पलटणभर सैनिकांचे गणवेश, काम कधी संपेल ते कुणालाच ठाऊक नाही. हे सगळं खांबला तिने सांगितलं नव्हतंच. मेकअपवाल्या काकांनी सांगितलं, आणि वर डोळा मारला.

शूटिंग होतं एका नाचाच्या हॉलमध्ये. लाकडी जमीन, उंच खिडक्या. दुपारी उन्हं उतरली की हॉल बॅडमिंटनच्या क्लबला द्यायचा होता, आणि ती मंडळी रॅकेटी घेऊन आधीच दारात येऊन बसली होती.

सकाळीच मावशीने भांडण काढलं. "हे गाणं त्यांच्याच आवाजात घेऊ. इथेच. स्पीकर नको."

दिग्दर्शक दचकले. "मावशी, नायक बेसूर आहे हो!"

"प्रेमात पडलेला माणूस सुरात असतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला? संपूर्ण सिनेमाभर तो शब्द विसरतो. आज त्याला शब्द आठवतात. मग आवाज त्याचाच हवा की नको?"

दिग्दर्शकांनी नायिकेकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "मला आवडेल. तसाही हा रोज मेकअपच्या खुर्चीत गातोच. आम्ही सहन करतो, प्रेक्षकांनाही करू दे."

आणि मला पेटीतून काढलं! गाण्याच्या दिवशी! टोपडं झटकून मी असा ताठ झालो की काही विचारू नका.

सकाळ इतर शॉटमध्ये गेली आणि गाण्याला एकच संधी उरली. ॲक्शन. नायक गायला लागला. बेसूर होता, ते मी लपवणार नाही. पण तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज कापला, तो अभिनयाने कापला नव्हता. नायिकेने त्याच्यात आपला आवाज मिसळला. जुनं, हजारदा ऐकलेलं ते गाणं, पण त्या हॉलमध्ये जणू कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं. दारातल्या बॅडमिंटनवाल्यांचीसुद्धा कुजबुज थांबली. दोघं जवळ आले. आणखी जवळ.

त्याच वेळी कॅमेऱ्यामागे उभ्या टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. तिला ते गाणं पाठ होतं. आवाज न करता, नुसत्या ओठांनी ती म्हणायला लागली.

खांबने तिचे ओठ टाचण्यांशिवाय पहिल्यांदाच पाहिले. बस. त्याचे हात विरघळले, काठी झुकली, आणि मी, केसाळ टोपड्यासकट, बरोबर नायक-नायिकेच्या तोंडांच्या मधे येऊन लटकलो. माझे केस नायकाच्या नाकात गेले.

लिहून ठेवा, मी गेलो नाही, मला नेलं.

नायक थबकला. नायिकेने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ती अशी हसली की तसं हसू मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. एका हाताने तिने मला बाजूला ढकललं, एखाद्या लाडावलेल्या मांजराला ओट्यावरून ढकलावं तसं, आणि गाण्याची शेवटची ओळ पुरी केली.

"कट!" दिग्दर्शक किंचाळले. "अरे खांब! कॅमेरा दिसत नाही तुला? माझा सिनेमा गेला! लक्ष कुठे होतं तुझं?"

खांबने काठी सावरली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. सगळं युनिट बघत होतं.

"टाचणीकडे," तो म्हणाला.

"काय?"

"टाचणीकडे होतं, सर." आणि मग, एकदा बूच उडालं म्हटल्यावर, तो तिच्याकडेच वळला. "तू उद्या चाललीस. परत येशील तेव्हा मी स्टँडवर घ्यायला आलो तर चालेल का?"

शिडीवर कुणीतरी शिट्टी घालायला तोंडात बोटं घातली, तेवढ्यात मावशी कडाडली, "रूम टोन! कुणी हलायचं नाही!"

"मावशी, आत्ता?" मेकअपवाले काका कळवळले. "पोरीला उत्तर तरी देऊ द्या!"

"उत्तर नंतरही मिळेल. हा हॉल नंतर मिळणार नाही. शांतता!"

हीच मावशी! जग बुडत असेल तर ती आधी बुडण्याचा आवाज टिपून घेईल. तर झालं असं की खांबचा प्रश्न हवेत, आणि सगळा हॉल पुतळा. कुणाची बोटं अजून तोंडातच. दिग्दर्शकांचा हात कपाळावर. खांबची धडधड मला धक्क्यांसारखी लागत होती. मी किती सेटांवर किती खोल्यांची शांतता ऐकली असेल, पण इतकी गच्च भरलेली शांतता ऐकली नव्हती.

टाचणीने मूठ उघडली. हातातल्या टाचण्या मनगटावरच्या गादीत एकेक करून खोचल्या. प्रत्येकीचा बारीक 'टच' मी ऐकला. मग तिने ओठ उघडले आणि न बोलण्याचा नियम जेमतेम मोडत, नुसत्या श्वासाने, ती एक शब्द म्हणाली.

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या नायकालाही तो ऐकू गेला नाही. ऐकला तो मी, आणि ज्यांच्या कानांना हेडफोन होते त्या दोघांनी. एक खांब. दुसरी मावशी.

मावशीचं बोट रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर गेलं. निर्मात्याच्या शिंकेला माफ न करणारी बाई ती. ते बोट तिथेच थांबलं. तिने डोळे मिटले आणि शांतता पुरी होऊ दिली.

"झालं," ती म्हणाली.

सगळे टाचणीवर तुटून पडले. "मग? काय म्हणतेस? बोल की!"

तिने शांतपणे दोन टाचण्या ओठांत धरल्या. "शांगून झ्यालं," ती म्हणाली, आणि झगा उतरवून घ्यायला नायिकेकडे गेली. खांब मात्र काठीला मिठी मारून वेड्यासारखा हसत होता. मी गुदमरलो. पण तक्रार नाही.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. दुसरा टेक नव्हताच. संकलकाने मला कापून बघितलं, तर नायिकेचं हसूही जात होतं. शेवटी मी राहिलो. थिएटरात त्या जागी लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले आणि गाणं संपताना डोळे पुसू लागले. समीक्षकांनी 'धाडसी कल्पना' असं लिहिलं. दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलं की माइकची कल्पना पहिल्यापासूनच डोक्यात होती. धादांत खोटं! आणि ती मुलाखत घेणाऱ्याने उलटून एक प्रश्न विचारू नये?

आता मी निवृत्त आहे. नटांच्या कॉलरमध्ये लपणारे चिमुकले माइक आले, मला काठीवर उचलायला कुणाला वेळ नाही. मी खांब आणि टाचणीच्या घरी कपाटावर असतो. त्यांची लेक मला बोका समजून माझे केस विंचरते. ट्रक जातात डोक्यावरून, जाऊ देत. खांब आता इतका बोलतो की टाचणीच म्हणते, "मावशी, याला जरा रूम टोन लावा."

सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो. आणि शेवट आला, नावं वर सरकायला लागली, की ती मेली वाहिनी कचकन साबणाची जाहिरात लावते! ज्यांनी घाम गाळला त्यांची नावं वाचायला तुमच्याकडे एवढाही वेळ नाही? थिएटरातही तेच. नावं दिसली की लोक उठून पायऱ्यांकडे धावतात.

माझी एवढीच विनंती आहे. कधी तो सिनेमा पुरा लागला तर उठू नका. गाणं आधी संपतं, नावं नंतर संपतात, आणि त्यानंतरही पडदा थोडा वेळ काळाच राहतो. दिग्दर्शकांनी विचारलं होतं, "मावशी, इथे काहीच का नाही?" मावशी म्हणाली, "आहे. मिक्सिंगमध्ये बघून घेतलंय मी."

तो हॉल आहे तिथे. श्वास रोखून उभं असलेलं ते सगळं युनिट आहे. टाचण्यांचे बारीक टच आहेत. जागेवरून हलू नका, शेजाऱ्याला बोलू देऊ नका, आणि कान द्या. अगदी शेवटी, नुसत्या श्वासाने, ती म्हणते:

"ये."