आधी काय दळलं?

मित्रांनो, मला धुतलं नाही तर वीस मिनिटं वाचणार होती. तेवढ्या वेळात तपासनीस ताईंना मुलीच्या शाळेतलं नाटक गाठता येणार होतं. मुलगी त्यात झाड झाली होती. मोह काही लहान नव्हता.

मी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक जुना ग्राइंडर आहे. नवा होतो तेव्हा आल्यागेल्याला माझी पाती दाखवत. मग जनुक शोधणारं मशीन आलं. त्याला काचेची खोली मिळाली, मला बेसिनशेजारचा कोपरा. मी बियांचं पीठ करायचं, त्या पिठात बाहेरून घातलेलं जनुक आहे का, ते त्यानं सांगायचं. आवाज माझा, नाव त्याचं.

प्रत्येक नमुन्यानंतर मला उघडून धुवायचं, वाळवायचं, हा नियम. त्या दिवशी ताईंनी नुसता ब्रश फिरवला. आधी जनुक बदललेला मका दळला होता. त्यावरच एका शेतकरी बाईंचा साधा मका पडला. त्यांनी पाच हंगाम जपलेलं वाण.

अहवाल आला, जनुक सापडलं. म्हणजे नियमाप्रमाणे बाईंचं सगळं बियाणं नष्ट करायचं.

बाई अहवाल घेऊन हजर झाल्या.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले.

"नसेल बोलत. पण साहेब, गिरणीत दळण टाकताना आम्ही विचारतो, आधी काय दळलं? तुमच्यात विचारत नाहीत?"

प्रमुख हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझं झाकण काढलं. त्या दिवसानंतर मी बंदच होतो; पात्याखाली अजून पिवळी भुकटी होती. मी काय लपवणार?

"सर, आधीचा मका बदललेला होता. आणि मुलीचं नाटक गाठायच्या घाईत मी हा धुतला नव्हता."

"लेखी द्यावं लागेल."

"देते. पण बाईंच्या मक्याचा राखून ठेवलेला नमुना आजच काढू."

मला घासून धुतलं. माझ्यात काही उरलं नाही ना हे पाहायला आधी साधा तांदूळ दळून तपासला, मग बाईंचा मका. दोन्ही स्वच्छ निघाले.

"पोरीचं नाटक तरी चांगलं झालं का?" जाताना बाईंनी विचारलं.

"शेवटपर्यंत हलली नाही."

"मग झाड पक्कं आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कोपऱ्यातल्याला आधी पुसत जा, काचेच्या खोलीतला त्याच्याच भरवशावर बोलतो. बाकी हिशेब असा: बाईंची आठ दिवसांची झोप गेली, बियाणं सगळं परत मिळालं. प्रमुखांचं एक हसू वाया गेलं. ताईंची बढती वर्षभर लांबली. झाड ताईंनी पाहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेतावर पडू दिली नाही.