बाबांच्या हातातली मालगाडी

जमीन हलली की शितल आधी पोरांना वर्गाबाहेर काढायची आणि मग घरी फोन लावायची. पोरं मैदानात कलकलाट करत उभी राहायची, हेडमास्तर शिट्टी फुंकत फिरायचे आणि तिकडे फोन नुसता वाजत राहायचा. तलासरीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या बाईचा सगळा जीव तेवढा वेळ त्या रिंगला टांगलेला असे. धुंदलवाडीच्या घरी तिचे बाबा एकटेच असत. घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. आणि त्याच भिंतीशी खुर्ची टेकवून, कानांवर हेडफोन चढवून, वासुदेवराव मालगाडी चालवत बसलेले असत.

गाडी खरी नव्हती, स्क्रीनवरची होती. वासुदेवरावांनी रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात काढली, ती गाडीच्या शेपटाला. डहाणू रोड स्टेशनवरून हजारदा गेले, पण इंजिनात बसून पुढचा रूळ बघायचं भाग्य काही नशिबी आलं नाही. ते भाग्य त्यांना निवृत्तीनंतर, अर्धं अंग लुळं पडल्यावर, मुलीने मिळवून दिलं.

पक्षाघाताचा झटका आला तो आदल्या पावसाळ्यात. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र पाहुण्यासारखा अंगाला लटकून राहिला. व्यायाम सांगणाऱ्या बाईने पिळायला रबरी चेंडू दिला, तो वासुदेवरावांनी चौथ्या दिवशी अंगणात भिरकावला. "मी काय लहान पोर आहे?" असं म्हणाले. मग शितलने चेंडूऐवजी गेम खेळायचा कंट्रोलर आणला. कंट्रोलरची उजवी मूठ लुळ्या तळव्यात, वरून रुमालाची गाठ, आणि डावा हात लांब कीबोर्डवर, फक्त भोंग्यापुरता. डाव्याने मदत करायची नाही, ही अट. म्हातारा चेंडूला लाजला होता, पण इंजिनाच्या दांड्याला लाजला नाही.

घरातलं मशीन शितलने स्वतः जोडलेलं होतं आणि त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स होतं. चोरीचं विंडोज टाकायचं नाही हा तिचा हट्ट, आणि शाळेतल्या मशीनवर लिनक्सच असल्याने हात बसलेला. अडचण एवढीच की हा आगगाडीचा खेळ विंडोजसाठी लिहिलेला. पण त्या ऑगस्टात स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन नावाची नवी सोय आली होती. तिने ती चालू केली, आणि परक्या मुलखातली मालगाडी धुंदलवाडीत येऊन उभी राहिली.

"हे चालतं कसं पण?" बाबांनी विचारलं होतं.

"खेळाला आपल्या मशीनची भाषा येत नाही, बाबा. म्हणून मधे दुभाष्या बसवलाय. खेळ म्हणतो, इथे डोंगर काढ, इथे धुकं पाड. दुभाष्या ते भराभर आपल्या भाषेत सांगतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं."

"म्हणजे उंबरगावचा गुजराती शेठ, आपली शेजारची बायजी, आणि मधे बोलणारा मी."

"अगदी तसंच."

"मग बरोबर. मधला माणूस थोडं खातोच. म्हणून गाडी बोगद्यात अडखळते."

सगळं मिळालं, एक गोष्ट सोडून. खेळात गाडी चढाला लागली की कंट्रोलर हातात थरथरायला हवा होता, तो थरथरत नव्हता. शितलला तेच तर हवं होतं, मेल्या हाताला काहीतरी लागावं, जाणवावं म्हणून. तिने फोरमवरचं मिळेल ते वाचून काढलं. शेवटी कळलं की घोडं एका परवानगीपाशी अडलंय. मशीनला कंट्रोलरकडून ऐकायची मुभा होती, पण त्याला काही सांगायची नव्हती. बटणं येत होती, कंपन जात नव्हतं. एका फाइलीत एक ओळ लिहिली आणि कंट्रोलरमधली मोटर घुरघुरली.

पण ती कधी घुरघुरली? दिवाळीचे कंदील उतरले नव्हते तोच जमीन हलायला लागली होती, त्या दिवसांत. गावातला प्रत्येक माणूस एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जेवत होता. अशात वासुदेवरावांच्या हातात मालगाडी थरथरली आणि ते "भूकंप! भूकंप!" ओरडत, रुमालाला लोंबणाऱ्या कंट्रोलरसकट अंगणात आले. त्यांच्या मागे बायजी, बायजीचा मुलगा भिका, पलीकडचा पाडा, सगळे बाहेर. हलत काहीच नव्हतं. लोक हसून हसून बेजार झाले. हसले नाहीत ते एकटे वासुदेवराव. ते आपल्या हाताकडे बघत होते.

"लागलं गं," ते म्हणाले. "हाताला लागलं."

शितलला रडू आवरेना. त्या दिवसापासून रोज सकाळी म्हातारा आधी गाडी चढाला लावून बघायचा. लागतंय म्हणाला की दिवस चांगला, आणि रोज लागत होतं. चहाचा कप, अंगाचा साबण, मुलीचा हात, यातलं काय लागतं आणि काय नाही हे त्यांना नीट सांगता यायचं नाही. मालगाडीचं मात्र छातीठोक सांगायचे.

म्हणून फेब्रुवारीत जे झालं ते शितलच्या काळजाला जास्तच झोंबलं. त्या दुपारी मोठा धक्का आला. शाळेची कौलं खडखडली, पोरं रडायला लागली. घरचा फोन वाजून वाजून थांबला. तिने बायजीला लावला.

"बाय, मी बाहेर हाय, भिका बाहेर हाय. तुझा बा कुठं दिसत नाय."

"आत जाऊन बघ ना गं मावशी!"

फोनवर बायजीचा श्वास, कोंबड्या, दाराची कडी. मग बायजीची शिवी ऐकू आली आणि शितलच्या जिवात जीव आला. म्हातारा जागच्या जागी बसला होता. भिंतीचा गिलावा खांद्यावर पडलेला, आणि चेहऱ्यावर हसू.

"चढ होता मोठा," संध्याकाळी ते सांगत होते. "काय जोर लागला म्हणून सांगू! म्हटलं आज हात खूपच सुधारला."

भूकंपाची थरथर त्यांनी गाडीची समजली होती, हे शितलच्या ध्यानात आलं. सगळं गाव जमीन हलली की पळत होतं, आणि तिच्या बापाला तिने हलण्याची गोडी लावून ठेवली होती. आता जमीन जेवढी जोरात हलेल तेवढा हा माणूस खूश होऊन बसून राहणार. धक्क्यांमुळे सरकारने अंगणात ठोकून दिलेल्या तंबूत चला म्हणून तिने हातापाया पडून पाहिलं. मशीन बाहेर मांडते म्हणाली. पण सगळ्या पाड्यासमोर या वयात खेळ खेळायचा? हेडफोनसुद्धा त्यांनी त्याच लाजेपायी लावलेले. "मी मरेन तेव्हा मरेन," हे ठरलेलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले असताना तिने ती ओळ काढून टाकली. परत पहिल्यासारखं झालं, बटणं येतील आणि कंपन जाणार नाही. भिंतीकडे पाहिलं आणि मन घट्ट केलं.

संध्याकाळी बाबा विचारणार हे तिला माहीत होतं. ते विचारायला तिच्या पाठोपाठ चुलीपर्यंत आले.

"शितल, आज काही लागलं नाही. हात गेला का गं परत?"

खरं सांगितलं तर म्हातारा उद्या पुन्हा भिंतीशी.

"हात कशाने जातोय? अपडेट आलं ना काल, त्याने कंपन गेलं," ती म्हणाली. "लिनक्सवर होतं असं. लोक काम करतायत त्यावर. होईल दुरुस्त."

"म्हणजे मशीन?"

"मशीनच. हात ठीक आहे तुमचा."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. पोरीचा शब्द त्यांच्यासाठी सिग्नलसारखा होता, हिरवा म्हटला की हिरवा. आणि शितलला हवं होतं तेच घडलं. मुकी गाडी चालवण्यात त्यांना राम वाटेना. ते आपणहून तंबूत येऊन खाटेवर बसायला लागले. धक्के येत होते, पण आता फोन लावला की दुसऱ्या रिंगला आवाज यायचा, "बाहेर आहे, बाहेर आहे." शितल शाळेत पहिल्यांदा मोकळेपणी डबा खाऊ लागली.

मनाला मात्र टोचणी होती. म्हातारा गप्प गप्प असायचा. रोज एकदा तेवढं विचारायचा, "झालं का गं त्या लोकांचं काम?" ती नाही म्हणायची, आणि हात ठीक आहे तुमचा, असं पुन्हा सांगायची. बायजी एकदा म्हणाली, "तुझा बा लई सोशीक झालाय. चहा अख्खा हातावर ओतला, पण हूं नाय की चूं नाय." शितलने बघितलं, मनगटाजवळ लाल झालं होतं. रुसलेत, तिला वाटलं. रुसले की ते असेच घुम्यासारखे बसतात. तिने मलम लावलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

शनिवारी शाळा लवकर सुटली. येताना वाटेतच तिने ठरवलं, आता पुरे. म्हाताऱ्याची लाज तरी किती दिवस जपायची! तिने भिकाला हाक मारली. दोघांनी मिळून मॉनिटर, कॉम्प्युटरचा डबा, टेबल सगळं तंबूत आणलं आणि बायजीच्या ओटीवरून वायर ओढली. बायजीचं घर कुडाचं, ते हलतं पण पडत नाही. पोरं गोळा झाली. बाबा "हे काय, हे काय" करत उठले, पण डोळे चमकले होते.

शितलने ती ओळ परत लिहिली. कंट्रोलर हातात धरून तपासणी चालवली. मोटर अशी घुरघुरली की टेबलावरचा स्टीलचा पेला वाजला. पोरं हसली.

"या ड्रायव्हरसाहेब," ती म्हणाली. मूठ त्यांच्या तळव्यात ठेवली, रुमाल बांधला. "आता इथंच चालवायची. आत पाऊल टाकायचं नाही."

बाबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, लाजले, आणि मग डाव्या हाताने भोंगा दिला. पोरांनी एकच गलका केला. गाडी निघाली. पूल गेला, बोगदा गेला, अडखळली, परत निघाली. अंगठा हळूहळू पुढे सरकत होता, गाडी चढाला लागली. शितलला मोटरचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते कधी म्हणतात, कधी म्हणतात.

"झकास चाललीय," बाबा म्हणाले. "कंपनाचं तेवढं बघ सावकाश. घाई नाही."

तिला वाटलं चेष्टा करतायत. "बाबा, आता चालू आहे ते."

"कुठे?"

तिने आपला तळहात त्यांच्या हातावर ठेवला. तो हात थरथरत होता, रुमाल थरथरत होता, तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या येत होत्या. बाबा स्क्रीनकडे बघत सिग्नलची वाट पाहत होते. तिने त्यांच्या बोटात नख रुतवलं, आणखी जोरात रुतवलं. नजर हलली नाही.

"भिका, गाडी बोलाव! जीप, रिक्षा, काय मिळेल ते! डहाणूला दवाखान्यात जायचंय!"

"काय झालं?" बाबांनी आता खाली पाहिलं. बोटावर रक्ताचा बारीक ठिपका आला होता. त्यांनी तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. "म्हणजे मशीन ठीक आहे? कधी झालं दुरुस्त?"

शितल रुमालाची गाठ सोडत होती आणि गाठ सुटत नव्हती. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार ते तिला पाठ होतं, मागच्या झटक्याच्या वेळीही तोच विचारला होता. हाताचं लागणं कधीपासून गेलं? आज सकाळी? काल? चहा सांडला त्या दिवशी? म्हाताऱ्याने रोज विचारलं होतं आणि रोज तिने सांगितलं होतं, हात ठीक आहे तुमचा.