लिंबावर एकही अळी नाही

माझा धंदा किडे मारायचा आणि सासूबाईंचा छंद किडे मोजायचा. त्यात मी घरजावई. आता बोला!

पेस्ट कंट्रोलच्या कामावरून परतलो, की सासूबाई मागच्या अंगणात उभ्या दिसायच्या. झेंडूवर फुलपाखरं किती, लिंबाच्या पानांवर अळ्या किती, सगळं मोजून फुलपाखरांच्या अभ्यास मंडळाला कळवायच्या.

"अळ्यांना खायला झाड लावणाऱ्या जगात तुम्हीच," मी चिडवायचो.

"जावईबापू, अळी जगली तर फुलपाखरू. आभाळातून नाही पडत ते," त्या ऐकवायच्या.

त्या संध्याकाळी मात्र त्या पायरीवर नुसत्याच बसल्या होत्या.

"मंडळाला सांगितलं, मोजायला दुसरं कुणी बघा," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवस लिंबावर एक अळी दिसत नाही. डोळ्यांनी दगा दिला. फुलपाखरं कुठे कमी होतायत ते वेळीच कळावं म्हणून मोजायचं. त्यात चुकीचा आकडा काय कामाचा?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकलो. "आणि झेंडूवर?" मी विचारलं.

"तिथे नेहमीएवढी. एकाच्या पंखाची कड जराशी फाटलीय बिचाऱ्याच्या."

फाटलेली कड दिसते आणि बोटाएवढी अळी दिसत नाही?

मी लिंबाकडे बघितलं. बुंध्याशी माझा फवारणीचा पंप उपडा घातलेला. नवीन काम मिळाल्यापासून मी तो रोज तिथेच विसळायचो आणि पाणी वाया नको म्हणून लिंबावर ओतायचो, चांगलं पानांवरून. विसळलेल्या पाण्यात औषध ते कितीसं उरणार, असा माझा हिशेब. अळीला पुरेल एवढं उरतं. आणि हे मला कळू नये? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या चष्मा पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, तोच तो.

"आई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "अळ्या नव्हत्याच. मी मारल्या." आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, अळ्यांसाठी.

"म्हणजे माझं शून्य बरोबर होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग लग्नापासून मला अहो-जाहो करणाऱ्या सासूबाई ताडकन उठल्या.

"मेल्या, आधी तो पंप उचल तिथून! आणि फोन आण माझा. दुसरं कुणी बघू नका म्हणावं. मोजायला मी आहे."