आईच्या दुधातलं करडू

अजऱ्या रागाच्या भरात एक वाक्य बोलून गेला आणि ते निस्तरायचं काम, नेहमीप्रमाणे, त्याच्या बायकोच्या गळ्यात पडलं.

अजऱ्या मसीहाचा प्रेषित. गावोगाव हिंडायचं, सभास्थानात उभं राहायचं आणि आपल्या यहुदी लोकांना सांगायचं की बाबांनो, ज्याची वाट बघत होतात तो येऊन गेला, हा त्याचा धंदा. माणूस मनाने सोनं, पण जिभेला हाड नाही. तीन शहरांतल्या सभास्थानांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला होता, आणि तिन्ही वेळा शेलोमीतने हंड्या-पातेली, अंथरुणं-पांघरुणं गाढवावर लादून पुढचं शहर गाठलं होतं. शेवटी दोघं आमच्या अंत्युखियात आली. इथे तिचा थोरला भाऊ एलियासीब होता, तागाच्या कापडाचा व्यापारी आणि सभास्थानातला मानाचा माणूस. त्याच्याच मुलाला दिलेली त्यांची एकुलती एक लेक यमीमाही इथेच होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. शेलोमीतने नवऱ्याला वाटेतच बजावलं होतं, "अहो, पोरीचं बाळंतपण पार पडेपर्यंत तोंडाला आवर घाला. मग हवं तर कैसराशी भांडा, मी मधे पडणार नाही."

दोन शब्बाथ, म्हणजे दोन शनिवारच्या सभा, त्याने कळ सोसली, हे त्याच्या मानाने फारच झालं. तिसऱ्या शब्बाथाला बोलणं रंगात आलेलं असताना त्याला खाली बसायला सांगण्यात आलं. सांगणारा खुद्द मेहुणा. अजऱ्या बसला नाही. त्याने अंगावरची शाल काढली, सगळ्यांच्या देखत झटकली आणि म्हणाला, "तुम्हाला ऐकायचं नाही ना? नका ऐकू. आजपासून मी परक्यांकडे चाललो. ग्रीकांच्या घरी जाईन, त्यांच्या ताटात जेवेन." शालीची धूळ पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याच्या नाकात गेली, तो एकामागून एक शिंका देत सुटला आणि त्या भानगडीत वाक्याचा निम्मा जोर गेला. पण ज्याला ऐकू जायचं त्याला ते बरोबर ऐकू गेलं.

संध्याकाळी एलियासीब बहिणीच्या दारात आला. आत आला नाही.

"शेलू, तुझ्या नवऱ्याने कुठे जेवायचं ते त्याचं तो बघेल. पण तू जर त्या लोकांच्या ताटातला एक घास खाल्लास, तर माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. सगळ्या सभेसमोर सांगून आलोय मी."

"दादा, लेक बाळंत व्हायची आहे माझी."

"म्हणून तर आधी सांगतोय. खाऊ नकोस, झालं."

तो गेला तशी शेलोमीत नवऱ्याकडे वळली. अजऱ्या कोपऱ्यात शाल पांघरून बसला होता. राग ओसरला की त्याचं तोंड असंच एवढंसं होतं.

"मी बोललो खरं," तो म्हणाला, "पण मला एकही ग्रीक ओळखीचा नाही गं."

"मग शाल झटकायच्या आधी एखादा गाठून ठेवायचा होता."

ग्रीक शोधत जायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण आपल्या पायांनी दारात हजर झाला. निकान्द्र रंगारी, कोपरापर्यंत दोन्ही हात निळे. गेली कित्येक वर्षं हा माणूस दर शब्बाथाला सभास्थानात मागे खांबाला टेकून बसायचा, एकाच देवाची गोष्ट त्याला आवडायची. कुणी त्याला हाकललं नव्हतं आणि कुणी 'ये, बस' असंही म्हटलं नव्हतं. अजऱ्याचं ते वाक्य ऐकून त्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

"आमच्याकडे या," तो म्हणाला. "जेवायलाच या. बायको म्हणाली, दोघांनी यायचं. ताईंनी नक्की यायचं."

शेलोमीत गेली, पण तयारीने गेली. पदराच्या गाठीत दोन उकडलेली अंडी आणि घरची भाकरी. नवऱ्याला जेवायचं तर जेवू दे, आपण म्हणायचं पोट बरं नाही आणि हळूच आपलं आपण खायचं. यमीमा सोडून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिल्या बाळंतपणात आपली आई जवळ नसली की काय होतं, ते तिने स्वतः भोगलं होतं.

रंगाऱ्याच्या अंगणात शेजारीपाजारी गोळा झाले होते. अजऱ्याने घसा खाकरला आणि इतकी वर्षं करत आला तशी सुरुवात केली, "आपला पिता अब्राहाम..."

"कुणाचा?" एका माणसाने विचारलं.

"आपला."

"माझ्या बापाचं नाव दिओक्लेस. विटा पाडायचा तो."

अजऱ्या गडबडला. जन्मभर ज्यांच्याशी बोलला त्यांना अब्राहाम पाळण्यातच माहीत असायचा. तो एक पाऊल मागे गेला, नोहापासून धरलं. नोहाही कुणाला माहीत नव्हता. शेवटी बिचाऱ्याने आकाश आणि पृथ्वीपासून सुरुवात केली, आणि दिवेलागण झाली तरी स्वारी अजून जलप्रलयातच होती. मसीहा यायला अजून बराच अवकाश होता. पण लोक हलले नाहीत. विटावाल्याचा मुलगा तर म्हणाला, "मग तारवातली माणसं खात काय होती?" हा प्रश्न आजवर कुठल्याच सभास्थानात कुणी विचारला नव्हता. शेलोमीतला मनातून हसू आलं.

मग निकान्द्रची बायको त्रुफैना बाहेर आली. डोंगराकडची सुरियानी बाई, हाडापेराने मजबूत. शेजारी उठून गेले आणि चौघंच उरली. कोनाड्यातली घरच्या देवाची मूर्ती काढून टाकली होती, तिथे भिंतीवर काजळीची चौकट तेवढी उरली होती. मांडलेली भांडी कोरी करकरीत.

"ताई, सगळं विचारून केलंय," ती एका दमात सांगायला लागली. "घरात डुक्कर शिजायचं, म्हणून जुनी भांडी फोडून टाकली. ही नवी कुंभाराकडून आणली. मूर्तीला दाखवलेलं काही नाही. आमचंच करडू होतं, ते तुमच्या आळीतल्या खाटकाकडे नेलं, त्याने तुमच्या पद्धतीने कापलं, रक्त सगळं वाहू दिलं. काही म्हणजे काही चुकू दिलं नाही. आणि आमच्या डोंगरात सगळ्यात मोठ्या पाहुण्याला करतात तसं केलंय. राजा आला तरी याच्यावर काही नाही."

तिने झाकण काढलं. पांढऱ्या दाट रश्श्यात मांस लोण्यासारखं सुटलेलं, वर पुदिना.

"त्याच्या आईच्याच दुधात शिजवलंय," त्रुफैना म्हणाली. "दुसऱ्या शेळीचा एक थेंब नाही. ती बघा, तिथे बांधलीय."

शेळीने अंगणातून मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

शेलोमीतने पदराची गाठ घट्ट धरली. डुक्कर असतं तर एक वेळ परवडलं असतं, डुकराची निदान तयारी तरी करून आली होती. पण करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही, हे मोशेने एकदा नाही, तीनदा सांगितलंय. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. सगळ्या जगात नेमकं जे करायचं नाही ते या बाईने जीव तोडून, नवी भांडी आणून, विचारून विचारून केलं होतं. जे विचारायला हवं होतं तेवढं एकच विचारायचं तिला सुचलं नव्हतं, कारण पाहुण्याला सगळ्यात चांगलं ते द्यायचं, त्यात विचारायचं काय?

शेलोमीतने नवऱ्याकडे बघितलं. देवाला कुठलंच ताट वर्ज्य नाही म्हणून सभा दणाणून सोडणारा हा गडी ताटाकडे बघत पांढरा पडला होता. त्याने भाकरी हातात घेतली आणि उपकारस्तुती सुरू केली. ती संपेना. भाकरीसाठी देवाचे आभार मानून झाले, गव्हासाठी मानले, पावसासाठी, बैलांसाठी. रस्सा निवत चालला. निकान्द्र भक्तिभावाने डोळे मिटून होता. अजऱ्या नांगराच्या फाळाचे आभार मानायला लागला तेव्हा शेलोमीतला कळून चुकलं की हा माणूस आज काही घास घेत नाही.

त्रुफैना मात्र उभीच होती. बसायला तयार नाही. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय ती बसणार नव्हती. एकदा ताटाकडे, एकदा शेलोमीतकडे अशी तिची नजर फिरत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरायला लागला. काहीतरी चुकलंय हे तिला उमगलं होतं, फक्त काय ते कळत नव्हतं.

शेलोमीतला तो चेहरा ओळखीचा होता. नवी नवरी असताना सासूने तिची पहिली हंडी न चाखता परत पाठवली होती. बाकीचं आयुष्य विसरली, पण ती हंडी विसरली नाही. या बाईने घरातला देव बाहेर काढला, भांडी फोडली, शेळीचं पिल्लू दिलं. हिला आता 'पोट बरं नाही' सांगायचं? गाठीतली अंडी काढायची? लाज वाटली तिला, सरळ लाज वाटली. आणि त्याच वेळी यमीमाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि डोळे भरून आले. पोरी, माफ कर मला, ती मनात म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला.

वाईट हे, की ते फार चांगलं लागलं. इतकी वर्षं स्वयंपाक केला, असं मऊ मांस तिच्या हातून कधी झालं नव्हतं. देवाने हे बंद का केलं असेल ते तिला पहिल्यांदाच समजलं, माणूस दुसरं काही खाणारच नाही.

त्रुफैना बसली. अजऱ्याचं स्तोत्र बैलाच्या खुराशी अडलं. त्याने बायकोकडे बघितलं, घट्ट डोळे मिटले, घास घेतला. मग डोळे उघडले. मग तीनदा वाढून घेतलं.

निघताना त्रुफैनाने तिचा हात धरला. "ताई, पुढच्या वेळीही हेच करू ना?"

"पुढच्या वेळी मसूर कर," शेलोमीत म्हणाली. "मी येते शिकवायला."

दुसऱ्या दिवशी निकान्द्र सकाळीच खाटकाचे आभार मानायला यहुदी आळीत गेला. आनंदाच्या भरात त्याने आळीतल्या एकूण एक माणसाला काय शिजवलं, कशात शिजवलं आणि पाहुण्यांनी किती खाल्लं ते सांगितलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. दुपारी यमीमाला कळा सुरू झाल्याची बातमी आली. बातमी आली, बोलावणं आलं नाही.

शेलोमीत तशीच धावत गेली. एलियासीब दारात हात पसरून उभा होता. समोरच्या कट्ट्यावर सभास्थानातले वडीलधारे येऊन बसले होते, कुणाच्याही घरी काही कमी-जास्त झालं की हे तिथे हजर.

"खाल्लंस?" त्याने विचारलं.

"खाल्लं, दादा."

"तो रंगारी म्हणतो, आईच्या दुधात. वेडा आहे तो. हो ना?"

खोटं बोलायची हीच संधी होती, आणि तो ती देत होता हे तिला कळलं. "नाही दादा, खरं आहे. ती बाई बसत नव्हती रे. मी घास घेतला तेव्हा बसली."

एलियासीबने डोळे मिटले. आतून यमीमाची किंकाळी आली, "आई गं." ती कळ सोसताना आली होती की आईचा आवाज ऐकून, देव जाणे. शेलोमीत रस्त्यातच खाली बसली.

"दादा, पाया पडते तुझ्या."

एलियासीबची दाढी हलत होती. मग त्याने कट्ट्याकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "वडीलधारे हो, बाळंतिणीची खोली शुद्ध की अशुद्ध?"

"अशुद्ध," सगळे एकसुरात म्हणाले.

"कधीपासून?"

झालं. एक म्हणाला जन्मल्यापासून, दुसरा म्हणाला पहिल्या कळेपासून, तिसऱ्याने आपल्या गुरूचं नाव काढलं, आणि शिंकणारा म्हातारा तिघांवर ओरडला. ते चांगले जुंपलेत असं बघून एलियासीब बहिणीजवळ वाकला.

"शुद्ध माणसाला तिथे पाठवून मी बाटवू कशाला? तू आधीच बाटलेली आहेस. माझं आणखी काय जाणार?"

"पण उंबऱ्यावर पाऊल..."

"उंबऱ्यावर ठेवायचं नाहीच. मी शब्द मोडत नाही. मागच्या बाजूला त्या खोलीला खिडकी आहे."

शेलोमीत अंगाने भरलेली बाई आणि खिडकी तागाचे गठ्ठे आत घेण्यापुरती. एलियासीबने कणीक मळायची काथवट उपडी घातली, तिच्यावर ती चढली, निम्मी आत गेली आणि अडकली. आतून सुईण ओढत होती. बाहेर एलियासीब तोंड फिरवून, शिवायला नको म्हणून कापड मोजायच्या काठीने तिला ढकलत होता आणि तोंडाने देवाची क्षमा मागत होता. शेवटी ती धपकन आत पडली, आणि घामाने भिजलेल्या यमीमाने कळा विसरून हसायला सुरुवात केली. मग हसता हसता रडली. शेलोमीतने तिचं डोकं मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही.

ऊन कलल्यावर बाळ रडलं. खिडकीशी पावलं वाजली.

"काय झालं?" एलियासीबचा आवाज.

"मुलगी."

कट्ट्यावरचा वाद थांबला होता. एलियासीबने घसा साफ केला आणि कट्ट्यापर्यंत जाईल अशा कडक आवाजात म्हणाला, "मुलगा असता तर सात दिवसांवर भागलं असतं. मुलगी झाली की मोशे दोन आठवड्यांचा विटाळ सांगतो. दोन आठवडे त्या खोलीतल्या माणसाने बाहेर यायचं नाही. ऐकलंस, शेलू? मला चालणार नाही."

शेलोमीतने नातीला छातीशी धरलं.

"ऐकलं, दादा," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर राहते."