कमी पडलेली उदाहरणं

तो आवारातच खाली बसला आणि मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालू लागला.

“मी धावत होतो आणि पडलो,” ती हुंदके देत म्हणाली.

“पडलो नाही गं, पडले म्हणायचं.”

“तू तर पडलो म्हणतोस. आजोबा पण.”

त्याला हसू आलं. ती आता चार वर्षांची होत आली होती. नुकती कुठे बोलायला लागली होती तेव्हाच तिची आई आजारपणात गेली, आणि घरात ती, तो आणि त्याचे वडील एवढीच माणसं उरली. आईचं नाव तिने नंतर कधी काढलं नव्हतं. विसरली असेल, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. तिला आजोबांच्या हवाली करून तो कामावर गेला.

तिथे तो संगणकातल्या न्यूरल नेटवर्कला भाषा शिकवायचा. व्याकरणाचा एकही नियम सांगायचा नाही. लाखो वाक्यं त्याच्यापुढे ओतायची आणि त्याचं त्याला उमगू द्यायचं. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरची सहकारी नेटवर्कची परीक्षा घेत होती. तिने अर्धंच वाक्य दिलं : ‘आई म्हणाली, आता मी जेवायला’. नेटवर्कने पुढे लिहिलं, ‘बसतो’.

“घ्या! आईला मिशा फुटल्या,” ती हसली. “पण याचा बिचाऱ्याचा काय दोष? आपण घातल्या सगळ्या बातम्या नि भाषणं. बाई स्वतःबद्दल बोलतेय, असं याच्या कानावर पडलंय कुठे?”

“मग?”

“मग काय, तशी वाक्यं घालायची. पडतील कानावर, शिकेल आपोआप.”

त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला.

संध्याकाळी जिना चढताना तो काहीतरी पुटपुटत होता. खालच्या मजल्यावरच्या बाई समोरून आल्या, तसा गप्प झाला. दाराशी पोचल्यावर त्याने किल्ली फिरवली, घसा खाकरला आणि जरा लाजतच हाक दिली,

“मी आले!”

आत काहीतरी धप्पकन पडलं. मुलगी धावत आली. त्याने हात पसरले. ती त्याच्या बाजूने निसटून बाहेर गेली, कठड्याचे गज धरून खाली वाकली, मग वरच्या जिन्याकडे बघत राहिली.

“कोण आलंय गं?” आजोबांनी आतून विचारलं.

तिने गज सोडले.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “बाबाच आहे.”