जावईबापूंचा मागचा पाय

आम्हाला मुलगी नाही, पण जावई आहे. चार पायांचा आहे, घरात शिरला की आधी माझ्या स्वयंपाकघरात तोंड घालतो, आणि जेवणाची वेळ जरा टळली की ताटलीशी बसून अबोला धरतो. म्हणून मी त्याला जावईबापू म्हणते. आमच्या ह्यांना ते अजिबात आवडत नाही. हे श्वानपथकात होते आणि जावईबापू त्यांचा कामावरचा जोडीदार. पथकातलं त्याचं नाव भारदस्त होतं म्हणे. पण निवृत्त झाल्यावर कसली नावं आणि कसले हुद्दे? दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले आणि एकाच दिवशी माझ्या डोक्यावर येऊन बसले.

कुत्रा घरात नको, असं मी तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं. माझं ऐकतं कोण?

यंदा थंडी पडली आणि त्याचं मागचं अंग आखडलं. सकाळी उठायचं म्हटलं की पुढचे पाय उभे आणि मागचे अजून झोपलेले. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिरून आला की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसकण मारायचा आणि वर बघायचा, जणू जिना आम्हीच मुद्दाम वाढवून ठेवलाय. उचलावं तर धान्याच्या पोत्याएवढं धूड. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, जड उचलायची बंदी. माझे गुडघे तर त्याच्या आधीपासून बोलत होते, पण ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्यावर मी तोंड सोडते, गुडघ्यांवर नाही. सांगितलं असतं तर परगावच्या मुलाने माझी आणि जावईबापूंची रवानगी एकाच खेपेत केली असती.

रवानगीचं त्यानेच काढलं. शहराबाहेर अशा निवृत्त कुत्र्यांसाठी जागा आहे, सगळं बैठं, भोवती कुंपण. त्याने फोन करून विचारूनही ठेवलं होतं.

"आई, ज्याला जिना चढवत नाही त्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवणं म्हणजे छळ आहे," तो म्हणाला.

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की पुढच्या सुट्टीला तो गाडी घेऊन येईल. तोवर जावईबापू आपल्या पायांनी वर यायला लागले तर राहतील, नाहीतर जातील. त्या दिवशी भाजीत मीठ विसरले होते मी, ती ह्यांनी तशीच संपवली. तेव्हाच मला कळलं, की कुत्रा गेला तर ह्यांचं काही खरं नाही.

मग डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जनावरांच्या डॉक्टर, वयाने आमच्या सुनेएवढ्या, बोलायला शांत. त्यांनी औषध दिलं आणि पाय ताणायचा व्यायाम दाखवला. आधी सावकाश फिरवून आणायचं, अंग गरम झाल्याशिवाय हात लावायचा नाही. खाली रबराची चटई, फरशीवर पाय सटकता कामा नये. मग कुशीवर निजवायचं, एक हात सांध्यावर, दुसरा मांडीखाली. पंजा धरून ओढायचं नाही. चालताना पाय जसा पुढे-मागे जातो त्याच रेषेत न्यायचा. बाजूला फाकवायचा नाही, पिळायचा नाही, हिसका द्यायचा नाही. जरा घट्ट लागलं की तिथेच थोडं थांबायचं आणि हळूच परत आणायचा.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, "त्याने पाय ओढून घेतला की लगेच सोडायचा. ओठांवरून जीभ फिरवायला लागला, मान वळवून तुमच्या हाताकडे बघायला लागला, तरी सोडायचा. दुखेपर्यंत ताणायचं नसतं. कुठे थांबायचं ते तोच सांगेल."

"तो हलणारच नाही, डॉक्टर," हे म्हणाले. "शिकवणच तशी आहे." आणि मग काचेची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मधूनही सांगू शकते. एका बंद गोदामात शोध चालला होता. ह्यांनी त्याला "थांब" म्हणून उभं केलं आणि पुढे गेले. परत आले तर पंजाखाली रक्त. काचेचा तुकडा रुतला होता, पण पठ्ठ्याने पाय उचलला नव्हता. ह्यांनी सोडल्यावरच उचलला. गोष्ट सांगताना ह्यांची छाती दोन बोटं पुढे येते. डॉक्टरीणबाई नुसतं "हं" म्हणाल्या.

व्यायाम सुरू झाला. रोज सकाळी फेरी, मग चटई, मग ह्यांचा आवाज, "थांब." की जावईबापू दगड. हे पाय मागे न्यायचे, धरून ठेवायचे, पुढे न्यायचे. कुत्र्याच्या तोंडून चूं नाही. हे माझ्याकडे बघायचे, म्हणजे मी कौतुक करावं. मी करतही होते, खोटं कशाला बोलू.

पण गुण येईना. उलट आता दुसऱ्या मजल्याच्या आधीच बसायला लागला. उठताना मागचा एक पाय जमिनीला टेकवायचाच नाही.

"अजून जरा जास्त ताणायला हवं," हे म्हणाले, आणि जास्त ताणलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून पाहिला. सांधा वयाप्रमाणे झिजलाय, पण एवढ्यात इतकं बिघडायला नको, असं त्यांचं म्हणणं. करताना त्रास होतो का, त्यांनी विचारलं. "चूं करत नाही," हे म्हणाले. बिचाऱ्या बाई तरी काय करणार?

तेवढ्यात ह्यांच्या मोतीबिंदूची तारीख आली. ऑपरेशन झालं आणि वाकायची बंदी. व्यायाम माझ्या गळ्यात.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं. "हातात ताटली असल्याशिवाय तो मला ओळखसुद्धा देत नाही."

पण सुट्टी जवळ आली होती. बसले फरशीवर, गुडघ्यांना गप्प करून. हुकूम मला येत नाहीत. "आडवे व्हा जावईबापू, उपकार करा," म्हटलं आणि बिस्किट दाखवलं, तेव्हा कुठे स्वारी निजली. पाय धरून जरासा मागे नेला, तर तापल्या तव्याला लागल्यासारखा ओढून घेतला, आणि वर माझ्याकडे असा बघतो की मीच चोर.

"थांब म्हण त्याला," हे खुर्चीतून म्हणाले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून.

"तुम्ही गप्प बसा, डोळ्याला ताण पडेल."

ओढला की सोडायचा, एवढं लक्षात होतं. सोडला. पाठीवरून हात फिरवला, पुन्हा धरला, आधीपेक्षा कमी नेला. पुन्हा ओढला, पण जरा उशिराने. मग आमचं रोज भाजीबाजारासारखं चालायचं. मी म्हणायची एवढं, तो म्हणायचा तेवढं नाही, आणि मधे कुठेतरी सौदा पटायचा. एके दिवशी पाय मागे असतानाच त्याने लांब सुस्कारा टाकला आणि पाय माझ्या हातात सैल पडला. मला वाटलं झोपला. झोपला नव्हता, डोळे मिचकावत होता. ह्यांची वाकायची बंदी उठेपर्यंत तो दुसरा मजला ओलांडून वर चार पायऱ्या चढायला लागला होता.

बंदी उठली तशी ह्यांनी चटई ओढली. "आता बघ, माझ्या हाताखाली पळायला लागेल."

मी समोरच शेंगा सोलत बसले होते. ह्यांनी म्हटलं, "थांब." आणि मी पहिल्यांदाच पायाकडे न बघता तोंडाकडे बघितलं. माझ्यापाशी तोंड उघडं, शेपूट चालू, सतरा तक्रारी. इथे तोंड बंद, कान मागे चिकटलेले, श्वाससुद्धा धरून ठेवलेला. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पाय मागे चालला होता, आणखी मागे, आणि मांडीचं मांस थडथड उडत होतं. बाकी कुत्रा ढिम्म. हातातली शेंग मी खाली टाकली.

"सोडा," मी म्हटलं.

"तो काही म्हणत नाहीये."

"म्हणणार कसा? तुम्ही आधी त्याला थांब म्हणता आणि मग दुखतंय का विचारता."

"माझ्या कुत्र्याबद्दल तू मला शिकवणार?"

"माझ्या हातून पाय ओढतो, तुमच्या हातून ओढत नाही. म्हणजे माझ्याकडे दुखतो आणि तुमच्याकडे दुखत नाही, असं असतं का? काचेवर उभा होता तेव्हा दुखत नव्हतं त्याला?"

ह्यांनी पाय अलगद खाली ठेवला, उठून गॅलरीत गेले. काचेची गोष्ट ह्यांनी त्यानंतर कुणाला सांगितली नाही.

संध्याकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मीच अधू करत होतो गं त्याला. आणि तो करू देत होता." मला रागच यायला हवा होता, पण दया आली. माणूस वाईट नाही, हुकूम सोडून दुसरी भाषा कधी शिकला नाही, एवढंच.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, काही दिवस ताणणं बंद, मग सकाळी काकूंनीच करायचं, अगदी थोडं. ह्यांना वाटलं, आता हुकूम दिला नाही की झालं. दुसऱ्या दिवशी "मोकळा" म्हणाले. पथकात काम संपलं की हा शब्द, मग चेंडू मिळायचा. जावईबापूंनी पलंगाखालून चेंडू काढून आणला, खेळले, येऊन निजले. ह्यांनी पायाला हात लावला मात्र, पुन्हा दगड. हुकूम आता शब्दात नव्हताच, हातात होता.

मग ह्यांनी ताणायचं सोडूनच दिलं. संध्याकाळी नुसता हात ठेवायचे आणि काढून घ्यायचे. धरायचे आणि त्याने काही म्हणायच्या आत सोडायचे. मुलगा यायला आठवडाही उरला नव्हता. मी म्हटलं, "तुमचं राहू द्या, मी दोन्ही वेळा करते." तर म्हणाले, "मी काही करत नाहीये. त्याला कळू दे की सोडतो मी."

एका संध्याकाळी मी आत होते. ह्यांनी हाक मारली, ती अशी की मी धावत आले. जावईबापू निवांत पंजा चाटत होते. ह्यांचे हात रिकामे, तसेच हवेत.

"ओढला," हे म्हणाले. डोळे भरले होते. "पाय ओढला माझ्या हातून. मला 'नाही' म्हणाला तो."

मुलगा आला. सामान खाली गाडीतच ठेवलं आणि आधी जिना. पुढे हे, मधे कुत्रा, मागे मी कठडा धरून, माझ्या मागे मुलगा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जावईबापू बसले. मुलाने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी हुकमाचा एक शब्द टाकला असता तर कुत्रा उठला असता, मेला असता तरी उठला असता, हे ह्यांनाही माहीत होतं आणि मलाही. हे वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभे राहिले, जणू त्यांनाच दम लागलाय. मी देव आठवले. बऱ्याच वेळाने तो उठला, अंग झटकलं, आणि एकेक पायरी करत वर आला. दार उघडल्याबरोबर माझ्या स्वयंपाकघरात तोंड घातलं. मुलगा म्हणाला, "बरं, राहू दे." मी पदराने डोळे पुसले आणि कांदा म्हणून सांगितलं, चुलीवर काही नसताना.

सुट्टी संपवून तो रिकामी गाडी घेऊन गेला. त्या संध्याकाळी हे चटई झटकत म्हणाले, "कठडा धरून चढतेस. कधीपासून?"

"चालायचंच. वय झालं."

"बसतेस का जरा?"

"बस" म्हणाले नाहीत, हे मी ऐकलं. बसले. ह्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, एक हात गुडघ्यावर, एक खाली, आणि हळूहळू सरळ करायला लागले. जावईबापू शेजारी येऊन लवंडले.

"दुखलं की ओढून घे," हे म्हणाले.

तसं फार दुखत नव्हतं. तरी मी एकदा ओढून पाहिला. ह्यांनी लगेच सोडला.